तिसऱ्या ओळीतलं वय

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला भाबडी समजणार नाही. रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली तर मी स्कूटी सरळ त्यावरून नेते. अमावस्येला नवी चादर काढते. आमच्या बार्शीकडे माझी एक आत्या अंगात येऊन घुमायची, तेव्हा सगळ्या बायका हात जोडून बसायच्या आणि मी तिच्या पुढ्यात बसून खारे दाणे खायचे. या सदरातले तुमचे अनुभव मी दर वेळी वाचते आणि खरं सांगू का, निम्म्यांना मनातल्या मनात हसते. पिंपळ, पैंजण, पांढरी साडी... माझ्या अनुभवात यातलं काहीच नाही. भर दुपार, ट्यूबलाइट, डब्यातल्या भाजीचा वास आणि टेबलावर कॉम्प्युटर. बस, एवढंच.

ठिकाण चंदीगड. सेक्टर चौतीसमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. खाली कोचिंग क्लास, त्याच्यासमोर छोले-कुलच्याची रेहडी, म्हणजे हातगाडी. आमच्या ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो, ते रिटायर झाले तरी परत जायचं राहूनच गेलं. मी काही शिकलेली इंजिनिअर नाही हो. आधी टायपिंग, मग डीटीपी, मग लग्नपत्रिकांचे साचे, आणि मग मुलांची पुस्तकं चाळून, चुकत-माकत प्रोग्रामिंग. रिपोर्टचे साचे मला जमतात म्हणून या कंपनीने ठेवून घेतलं. ऑफिसातली मराठी पोरं मला काकू म्हणतात. आमचा लीड गुरप्रीत, तो आंटीजी म्हणतो.

काम काय, तेही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पॅथॉलॉजी लॅबमधून आपल्याला रिपोर्ट मिळतो ना — वर नाव, वय, खाली हिमोग्लोबिन वगैरे — तो छापून निघतो आमच्या साच्यातून. लॅबच्या मशीनकडून येते नुसती खुणांनी भरलेली फाइल, तिला एक्सएमएल म्हणतात. ते झालं पीठ. ते आमच्या साच्यात घालून दाबलं की खाली सुबक रिपोर्ट पडतो. चकलीचा सोऱ्याच समजा. हा साचा ज्या भाषेत लिहितात ती एक्सएसएलटी. आमचा साचा जुन्या काळातला, त्याला तारखांचा हिशेब येत नाही. जन्मतारीख अमुक, रिपोर्टची तारीख तमुक, तर वय किती — एवढंसुद्धा नाही. म्हणून जावा भाषेत एक छोटं फंक्शन बाजूला लिहून ठेवलेलं. साचा वयापाशी आला की त्या फंक्शनला हाक मारतो, दोन तारखा त्याच्या हातात देतो, ते एक आकडा परत देतं, आणि साचा तो छापतो. फंक्शनला नाव-गाव काही कळत नाही, हे लक्षात ठेवा. त्याला फक्त दोन तारखा दिसतात.

थंडी सरत आली होती तेव्हाची गोष्ट. सगळं जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर न्यायचं होतं. नेलं, आणि साच्याने फंक्शनला हाक मारली तर उत्तर — असं फंक्शनच नाही. हे आमच्याकडे नेहमीचंच. फंक्शनची फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये ठेवली की साच्याला ती सापडत नाही. मी आणि मंदारने जेवणाआधी ते सरळ करून टाकलं.

मंदार म्हणजे आमच्या टीममधला संगमनेरचा मुलगा. एकतीस वर्षांचा, उंच, बोलणं असं भरधाव की ऐकणाऱ्याला धाप लागावी. स्वतःचा डबा अकराला संपवायचा आणि एकला माझ्या डब्यावर यायचा. त्याची बायको गौरी सेक्टर सदुसष्टला औषधांच्या संशोधनात काम करायची. दोघं चंदीगडला लागूनच असलेल्या झिरकपूरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. गौरी अठ्ठावीस वर्षांची. लहानपणी सांधेतापाने तिच्या हृदयाची एक झडप खराब झालेली, आणि डॉक्टरांनी आता ती बदलायलाच हवी म्हणून सांगितलेलं. मार्चअखेरीस ऑपरेशन ठरलं होतं. तिचा वाढदिवस मे महिन्यात. ही दोन्ही नीट लक्षात ठेवा — आधी ऑपरेशन, मग वाढदिवस.

आता आमच्या धंद्यातली एक रीत. हॉस्पिटलच्या खऱ्या पेशंटची माहिती बाहेर आणायची नसते, म्हणून टेस्ट करायला आम्ही खोटे पेशंट बनवतो. आणि खोटे पेशंट म्हणजे कोण, तर आपलीच माणसं. कारण त्यांच्या जन्मतारखा पाठ असतात, वय चुकलं की लगेच कळतं. सगळीकडे असंच करतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मंदारने नव्या सर्व्हरसाठी नवी टेस्ट फाइल टाइप केली. पहिल्या ओळीत गुरप्रीत, दुसऱ्या ओळीत तो स्वतः, तिसऱ्या ओळीत गौरी, चौथ्या ओळीत मी, मग त्याची आई, आणि शेवटी गुरप्रीतचा कुत्रा शेरू. शेरूलाही हिमोग्लोबिन लावलेलं.

वय नीट निघतंय का हे बघायला रिपोर्टची तारीख पुढे पुढे सरकवत न्यायची — आजची, पुढच्या वर्षीची, दहा वर्षांनंतरची, पन्नास वर्षांनंतरची. एकेका माणसाच्या ओळीत आकडे वाढत जातात. माझी ओळ बघून पोरं हसली, कारण मी शंभरी पार करून पुढे चालले होते. शेरू साठ वर्षांचा झाला.

गौरीच्या ओळीत मात्र अठ्ठावीस. पुढच्या वर्षी अठ्ठावीस, दहा वर्षांनी अठ्ठावीस, पन्नास वर्षांनी अठ्ठावीस.

"अरे वा," मी म्हटलं, "कुठली क्रीम लावते रे तुझी बायको?"

"माझ्या पैशांची," मंदार म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. संध्याकाळी त्याने घरी जाऊन तिलाही सांगितलं. तीही हसली म्हणे. म्हणाली, चांगलंय की, आईंना सांग, मी आहे तशीच राहणार.

मग आम्ही दुरुस्तीला लागलो. पहिली शंका येते ती जुनी फाइल कुठेतरी लपून बसल्याची — साचा नव्याला हाक मारतो आणि जुनंच उत्तर देतं. सगळे फोल्डर धुंडाळले, जुनं काही नव्हतं. मग वाटलं फंक्शन एखादं उत्तर आठवणीत धरून बसलंय. कोड उघडला, अवघ्या दहा-बारा ओळींचा, त्यात आठवण ठेवायला जागाच नाही. मग साचा बाजूला ठेवला आणि फंक्शनला थेट गौरीची तारीख दिली. एकोणतीस, तीस, अडतीस... बिनचूक. म्हणजे फंक्शन बिचारं निर्दोष. साच्यातून गेलं की पुन्हा अठ्ठावीस.

"हार्डकोड पड़ा है कहीं," गुरप्रीत म्हणाला. म्हणजे कुणीतरी तो आकडा सरळ लिहूनच ठेवलाय. "ढूंढो, आंटीजी."

सगळ्या फाइलींमधून अठ्ठावीस शोधला. नव्हता.

तेव्हा मी एक युक्ती केली. ही माझी नेहमीची खोड आहे. फंक्शनमधला सगळा हिशेब पुसून टाकला आणि लिहिलं — काहीही विचारलं तरी उत्तर सात. फाइल चढवली, सर्व्हर बंद करून परत चालू केला. गुरप्रीत सात वर्षांचा. मंदार सात. मी सात. शेरू सात. सगळीकडे सात, सात, सात.

तिसऱ्या ओळीत अठ्ठावीस.

त्या दिवशी कुणी हसलं नाही. मंदारने माझ्या खुर्चीमागून वाकून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि तारखा पुन्हा एकदा वाचल्या.

मी फंक्शन पुन्हा होतं तसं केलं. हॉस्पिटलच्या खऱ्या फाइलींवर सगळं व्यवस्थित चालत होतं, तिसरा पेशंटसुद्धा. फक्त या एका टेस्ट फाइलमध्ये हे. गुरप्रीत म्हणाला, "क्लाइंट का तो चल रहा है ना? छोड़ो यार." व्यवहाराने त्याचं बरोबर होतं.

पण मंदारला सोडता येईना. त्याला काय वाटत होतं ते मला न सांगता कळत होतं. वाढदिवसाच्या आधी ऑपरेशन, आणि आकडा वाढदिवसापलीकडे जात नाही. रविवारी दोघं आमच्याकडे जेवायला आली होती. मी पुरणपोळ्या केल्या होत्या. मंदार ह्यांच्याबरोबर गॅलरीत गेला तशी गौरी स्वयंपाकघरात आली, ओट्याला टेकून उभी राहिली.

"काकू, अजून अठ्ठावीसच येतंय ना?"

"अगं, बग आहे तो, प्रोग्राममधली साधी चूक. आमच्याकडे रोज काहीतरी असतंच."

"हा मला आता सांगत नाही. मी विचारलं की म्हणतो झालं ठीक. खोटं बोलताना हा हसतो, तुम्हाला माहितीये? नुसता दात काढतो." तिने पोळीचा तुकडा मोडला आणि हातातच ठेवला. "मी उंदरांवर औषधं टेस्ट करते काकू. पिंजऱ्यावर नंबर असतो नुसता. परवा पहिल्यांदा मला त्यांचं कसंतरी वाटलं."

मी तिला रागावले. असलं बोलू नये म्हटलं. गरम पोळीवर तूप ओतलं आणि खायला बसवली. आणखी काय करणार होते मी?

सोमवारी मंदार ऑफिसात आला तो हुशारीत. म्हणाला, "काकू, आपण मूर्ख आहोत. साधी अदलाबदल करून बघितली नाही आपण." आणि बरोबर होतं त्याचं. आमच्या कामात पहिला धडा असतो हा. दिवा लागत नसेल तर दुसऱ्या खोलीतला बल्ब लावून बघायचा — बल्ब गेलाय की होल्डर. त्याने गौरीला उचलून दुसऱ्या ओळीत टाकलं आणि स्वतःला तिसऱ्या. दोष माणसाला चिकटलाय की जागेला, एवढंच बघायचं होतं.

गौरीचं वय चालायला लागलं. अठ्ठावीस, एकोणतीस, अडतीस, अठ्ठ्याहत्तर.

आणि तिसऱ्या ओळीत मंदार. एकतीस, एकतीस, एकतीस.

तो एवढ्या जोरात टाळी देऊन हसला की पलीकडच्या केबिनमधून माणसं बघायला आली. "जागेचा लोच्या आहे काकू. गौरीचा काही संबंधच नाही. तिसरी ओळ बोगस आहे." त्याने स्क्रीनचा फोटो काढून लगेच तिला पाठवला. खाली लिहिलं — म्हातारी होणार आहेस, गुडघे सांभाळ. मलाही हुश्श झालं. हे सगळं शास्त्राला धरून होतं हो. दोष जागेचा आहे हे सिद्ध झालं होतं, फक्त त्याचं कारण शोधायचं राहिलं होतं.

जेवण झाल्यावर मी त्याला म्हटलं, "आता जागा परत होत्या तशा कर. नाहीतर माझं नाव टाक तिथे, मी बघितलंय सगळं जग."

"राहू द्या काकू," तो म्हणाला. "बग पकडून ठेवलाय मी, सुटायला नको." आणि हसला.

गौरीचं ऑपरेशन छान झालं. चार दिवस तो हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये झोपला, मी डबे नेले. नवी झडप बसली. तिच्या ओठांवरची ती निळसर छटा गेली. एका सकाळी ती चाकाच्या खुर्चीत नाही, स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत चालत गेली, आणि मंदारने मला व्हिडिओ कॉल लावून नुसता तिच्या पाठीवर कॅमेरा धरला. काही बोललाच नाही. एवढा बोलका मुलगा.

मे महिन्यात ती एकोणतीसची झाली. आमच्याच घरी केक कापला. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, आज जिंकले मी."

त्याच्या पुढच्या आठवड्यात मंदारची आई सुनेला बघायला यायला निघाली. संगमनेरहून नाशिक, नाशिकहून दिल्लीपर्यंत रेल्वे, आणि दिल्लीहून बसने सेक्टर त्रेचाळीसचा स्टँड. मंदार तिला आणायला गेला. सकाळची वेळ, उन्हं अजून तापायची होती. आई बसमधून उतरली, त्याने वाकून नमस्कार केला, तिची पिशवी हातात घेतली. पिशवीत गौरीसाठी डिंकाचे लाडू होते. म्हणाला, "आई, आधी चहा घेऊ, मग निघू." बाकावर बसला. आई पदराने तोंड पुसत होती. तिने वळून पाहिलं तर तो तसाच बसलेला, पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. तिला वाटलं, पोरगं थकलंय, बसल्या बसल्या झोपलं. तिने त्याला झोपू दिलं.

चहावाल्याने सांगितल्यावर तिला कळलं.

हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. आधी कसलाही त्रास नव्हता. बायकोच्या हृदयासाठी पोरगं महिनोन्‌महिने धावलं, आणि बंद पडलं ते त्याचं. जुलैमध्ये त्याचा वाढदिवस होता. तोपर्यंत पोचला नाही. एकतीसच.

ऑफिसात ती टेस्ट रोज सकाळी आपोआप चालायची, निकाल गुरप्रीतच्या मेलवर यायचे. तो दोन दिवस आला नाही. आला तेव्हा एवढंच म्हणाला, "आंटीजी, वो मेल मैंने बंद कर दी है." मी विचारलं नाही त्याने शेवटचा निकाल पाहिला होता का. त्यानेही सांगितलं नाही.

तेराव्याला मी झिरकपूरला गेले होते. फ्लॅट तो केवढा, माणसं दाटीने बसलेली. संगमनेरहून मामा, चुलते आलेले. गौरी भिंतीला टेकून, ताट पुढ्यात, हात मांडीवर. मंदारची आई वाढत होती. सगळ्यांना विचारून विचारून वाढत होती, आवाज अगदी शांत. मी म्हटलं, वहिनी, बसा आता तुम्ही. तर म्हणाली, बसते ना, हिला जेवू दे आधी.

गौरीने मान हलवली. भूक नाही म्हणाली.

"असं करून कसं चालेल?" सासू तिच्या ताटात आणखी भात वाढत म्हणाली. "त्याने मला फोनवर सांगितलं होतं. हसत सांगितलं गं. आई, गौरीच्या जागी मी स्वतःला टाकलंय, आता तिची काळजी नाही. मी म्हटलं, म्हणजे काय रे? तर म्हणे, कॉम्प्युटरमधलं आहे, तुला नाही कळायचं." तिने भातावर वरण घातलं, वरणावर तूप घातलं. "मला नाही कळलं. तुला कळलं होतं ना? जेव. पोटभर जेव. त्याच्या वाटचंही तुलाच जगायचंय आता."

मामांनी खाली पाहिलं. आणि गौरी जेवली. सगळ्यांसमोर, सासू पुढ्यात बसलेली असताना, एकेक घास करत तिने ते ताट संपवलं. मी आयुष्यात बरंच काही बघितलंय, पण कुणाला असं जेवताना बघू नये.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी ती ऑफिसात आली. दुपारची वेळ, पोरं खाली छोले-कुलचे खायला गेलेली. मी आणि गुरप्रीत होतो. तिला बघून गुरप्रीत उठून उभा राहिला.

ती मंदारच्या खुर्चीत नाही बसली. माझ्याजवळ स्टूल ओढून बसली.

"काकू, अदलाबदल कशासाठी केली होती?"

"टेस्ट होती गं ती. दोष जागेचा की माणसाचा, एवढंच बघायचं होतं."

"ते कळलं मला. मीही टेस्टच करते. पण बघून झाल्यावर परत का नाही बदललं?"

मी खोटं बोलू शकले असते. विसरला म्हटलं असतं तर चाललं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे नाही जमलं. "मी सांगितलं होतं त्याला," मी म्हटलं. "राहू द्या म्हणाला. बग पकडून ठेवलाय, सुटायला नको, म्हणाला."

"हसून म्हणाला?"

मी टेबलावरचे कागद सारखे करायला लागले.

"काकू, हसून म्हणाला का?"

"हो."

तिने मान डोलावली. बराच वेळ नुसती डोलावत राहिली, जणू मी अजून बोलतेच आहे. मग म्हणाली, "मला परत टाका तिथे."

"गौरी, वेडी आहेस का? कसल्या नादाला लागतेस? शिकलेली मुलगी तू."

"तुमचा विश्वास नाही ना? मग टाका. नुसती टेस्ट आहे."

मी गुरप्रीतकडे पाहिलं. "आंटीजी, कर दो," एवढं म्हणून तो बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिला. मी फाइल उघडली, पण माझी बोटं चालेनात. तिनेच कीबोर्ड ओढून घेतला. मंदारला तिसऱ्या ओळीतून काढून दुसऱ्यात नेलं. स्वतःचं नाव, स्वतःची जन्मतारीख तिसऱ्या ओळीत टाइप केली. रिपोर्टच्या तारखा मी ठेवल्या होत्या त्या तिला कमी वाटल्या, तिने पुढची सगळीच वर्षं घातली, एकही न गाळता. मग मला म्हणाली, "आता चालवा."

मी चालवलं. मनात काय होतं सांगू? मनात मी, देव मानणारी आणि भूत न मानणारी बाई, हात जोडत होते. तिसऱ्या ओळीत एकोणतीसला अडकू नको रे बाबा. या पोरीला सोड.

नाही अडकलं.

एकोणतीस, तीस, एकतीस, बत्तीस... तिसरी ओळ गुळगुळीत चालत होती, कधी बिघडलीच नव्हती अशी. मला रडूच आलं. तिला जवळ घ्यायला मी वळले, तर ती माझ्याकडे बघत नव्हती. स्क्रीनवर बोट ठेवून वाचत होती. दुसऱ्या ओळीतून एक आकडा, तिसऱ्या ओळीतून एक.

दुसऱ्या ओळीत मंदार. त्याचंही वय चालू होतं. बत्तीस. तेहेतीस. चाळीस. आकडे अगदी बरोबर होते, फंक्शनला फक्त दोन तारखा दिसतात, मधे काय झालं ते त्याला कोण सांगणार? तो पन्नासचा झाला तेव्हा ती सत्तेचाळीसची. तो साठचा झाला.

"रिटायर झाला," ती म्हणाली.

"गौरी, बंद करते मी."

"थांबा."

ती शेवटपर्यंत वाचत गेली. दोघंही बरोबरीने म्हातारी होत चाललेली, वर-खाली दोन ओळींत. तो त्र्याऐंशीचा, ती ऐंशीची. तिथे तिचं बोट थांबलं. खालून कोचिंगच्या पोरांचा गलका येत होता, कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं.

"एवढी वर्षं, काकू?" ती म्हणाली.

मी मशीन बंद केलं.

ती आता संगमनेरला आहे, सासूजवळ. आपणहून गेली. मी फोन करते, ती बोलते. तब्येत उत्तम असते, झडप उत्तम चाललीय, सगळे डॉक्टर खूश आहेत. सासू तिला रोज पुढ्यात बसून जेवायला वाढते.

इथे माझं म्हणाल तर मी ती टेस्ट त्यानंतर शंभर वेळा चालवून पाहिली. जुना सर्व्हर लावून, नवा लावून, फंक्शन बदलून, ओळी उलटसुलट करून. तिसऱ्या ओळीत स्वतःला टाकलं, शेरूला टाकलं. सगळ्यांची वयं वाढतात. जे झालं ते परत काही केल्या होत नाही. आमच्याकडे अशा बगवर 'पुन्हा आढळला नाही' असा शेरा मारतात आणि तो बंद करतात. गुरप्रीतने तसा मारला. कुणाला या कामातली माहिती असेल तर जरूर लिहा, काय राहिलं बघायचं, कुठे चुकलं आमचं. सात लिहिलेलं असताना अठ्ठावीस आलं कुठून, एवढं जरी कुणी सांगितलं तरी चालेल. मला कारण सापडलेलं नाही. आणि सापडलं तर ते गौरीला सांगायचं की नाही, हेही मला ठरवता येत नाही.